आधी कार्ट्रिज सांगा, मग फोनो स्टेजचं बोलू

या वेळच्या टपालात निम्म्याहून जास्त पत्रं फोनो स्टेजबद्दल आहेत. फोनो स्टेज म्हणजे टर्नटेबलच्या कार्ट्रिजमधून (सुई बसवलेला छोटा भाग) येणारा इवलासा सिग्नल अँप्लिफायरला पुरेल एवढा मोठा करणारा डबा, किंवा अँप्लिफायरच्या आतलंच तसं सर्किट. नाशिकच्या वाचकांचं पत्र सगळ्यात लांब आणि सगळ्यात नेमकं, म्हणून जागाही त्यांनाच जास्त दिली आहे. बाकीच्यांनी रागावू नये. ज्यांनी फक्त "एखादा चांगला फोनो स्टेज सुचवा" एवढ्या एका ओळीवर भागवलं, त्यांना विनंती आहे की कार्ट्रिजचं नाव, अँप्लिफायरचं नाव आणि घरातलं वायरिंग किती जुनं आहे ते कळवावं. त्याशिवाय काही सुचवणं म्हणजे नाडी न बघता पुडी बांधून देणं.

प्रश्न: ताई, मी दंतवैद्य आहे. दवाखाना मुलीच्या हवाली केल्यावर हौसेनं टेक्निक्सचा एसएल-१२००जी घेतला. त्यावर ऑर्टोफोनची कॅडेन्झा ब्लू कार्ट्रिज बसवली आहे. अँप्लिफायरच्या मागे 'फोनो' लिहिलेला इनपुट आहे, तिथेच जोडणी केली. पण आवाज फारच बारीक येतो. व्हॉल्यूम बराच वर न्यावा लागतो आणि मग आलाप सुरू असताना 'स्सऽऽ' असा आवाज स्पष्ट ऐकू येतो. दुकानदार म्हणतात, टर्नटेबल या तोलाचा असेल तर फोनो स्टेज निदान त्याच्या निम्म्या किमतीचा हवाच. दोन लाखांपर्यंत माझी तयारी आहे. जुन्या रेडिओसारखा व्हॉल्व्हचा घ्यावा की ट्रान्झिस्टरचा? ऐकणं मुख्यतः ख्याल, अधूनमधून नाट्यगीतं. — एक वाचक, नाशिक

उत्तर: डॉक्टरसाहेब, निम्म्या किमतीचा हा नियम दुकानाच्या गल्ल्यात जन्माला आला आहे. इलेक्ट्रॉनिक्सला टर्नटेबलची किंमत कळत नाही. त्याला कळतात दोनच गोष्टी: कार्ट्रिजमधून किती व्होल्टेज येतंय आणि तिच्या कॉइलचा रोध किती आहे. म्हणून तिथून सुरुवात करू.

तुमची कार्ट्रिज मूव्हिंग कॉइल जातीची आहे, म्हणजे एमसी; हिच्यात सुईबरोबर तारेची कॉइल हलते. तिचं आउटपुट अर्धा मिलिव्होल्ट. अँप्लिफायरच्या मागचा इनपुट जवळपास नक्कीच मूव्हिंग मॅग्नेटसाठी, म्हणजे सुईबरोबर चुंबक हलणाऱ्या एमएमसाठी असणार. एमएम कार्ट्रिज साधारण ३ ते ६ मिलिव्होल्ट देते, त्यामुळे त्या इनपुटचा गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याची ताकद, असतो ४० डेसिबलच्या आसपास, म्हणजे शंभर पट. तुमचा अर्धा मिलिव्होल्ट शंभर पट झाला की होतात ५० मिलिव्होल्ट. सीडी प्लेअर त्याच अँप्लिफायरला जोरकस जागी २ व्होल्ट देतो. आता आवाज बारीक का, हे वेगळं सांगायला नको. आणि व्हॉल्यूम वर नेला की संगीताबरोबर त्या इनपुटचा स्वतःचा हिसही वर येतो. तुमच्या अँप्लिफायरमध्ये बिघाड काही नाही, पाहुणा चुकीच्या दारातून आत आला आहे एवढंच.

तुम्हाला हवा ६० ते ६५ डेसिबल गेन. ६० डेसिबल म्हणजे हजार पट. अर्ध्या मिलिव्होल्टचा अर्धा व्होल्ट होतो, आणि बहुतेक इंटिग्रेटेड अँप्लिफायरना तेवढा पुरतो. कुणी ७५ डेसिबल गेनची फुशारकी मारली तर भुलू नका. तुमच्या कार्ट्रिजला तो जास्त आहे. व्हॉल्यूमचं बटण जरा हललं की शेजारी दार वाजवतील, आणि रेकॉर्डवरच्या चरा-ओरखड्यांनी आतलं सर्किट छताला डोकं आपटेल. हा मुद्दा माहितीपत्रकात 'ओव्हरलोड मार्जिन' या नावाखाली असतो, आणि तो बहुतेक लोक वाचतच नाहीत. एमएम इनपुटच्या बाबतीत १ किलोहर्ट्झला १०० मिलिव्होल्टच्या आसपास सहन होत असतील तर उत्तम समजावं. एमसीसाठी तो आकडा गेनच्या प्रमाणात खाली येतो. चरा म्हणजे एक अतिशय तीक्ष्ण झटका. जागा भरपूर असेल तर तो 'टिक' करून निघून जातो, नसेल तर 'टॅक्क' होतो आणि रेंगाळतो. आपल्याकडच्या जुन्या रेकॉर्ड्सना हे फार लागू आहे. चोर बाजारातून आणलेली एलपी महाग आणि कंजूस अशा दोन फोनो स्टेजांवर वाजवून बघा. कधीकधी कंजूस जिंकतो, तो याच कारणानं.

फोनो स्टेजचं दुसरं काम आरआयएए इक्वलायझेशन. रेकॉर्ड कापताना खर्ज दाबतात, नाहीतर खाच इतकी रुंद होईल की एका बाजूवर पाच-सात मिनिटंही मावणार नाहीत. आणि तार स्वर फुगवतात, म्हणजे वाजवताना ते खाली आणले की त्यांच्याबरोबर खरखरही खाली येते. वाजवताना हे सगळं उलटं करायचं: २० हर्ट्झला साधारण १९ डेसिबल वर, २० किलोहर्ट्झला जवळपास २० डेसिबल खाली. १९५४ च्या सुमाराला हे प्रमाण ठरलं. आज कुठल्याही बऱ्या कंपनीचा फोनो स्टेज हे काम अर्ध्या डेसिबलच्या आत करतो, कित्येक तर त्याहून खूप अचूक. तेव्हा 'अचूक आरआयएए' या शब्दांसाठी जास्तीचा एक रुपयाही मोजू नका.

मोजायचेच तर शांततेसाठी मोजा. ख्याल ऐकणाऱ्याला रॉक ऐकणाऱ्यापेक्षा शांत फोनो स्टेज लागतो, हे मी या सदरात पूर्वीही लिहिलंय आणि कंटाळा येईपर्यंत लिहिणार आहे. विलंबित सुरू होताना दोन तानपुरे आणि एक दबलेला षड्ज एवढंच असतं. शिवाय आपल्या शास्त्रीय एलपींची एकेक बाजू वीस-बावीस मिनिटांची. बाजू जितकी लांब, तितक्या खाचा एकमेकींना खेटून बसवाव्या लागतात, आणि मग कापणारा एकूण आवाजच हळू ठेवतो. म्हणजे मुळात बारीक आवाजाची कार्ट्रिज, त्यावर हळू कापलेली रेकॉर्ड, त्यावर गायक अजून गळा तापवतोय. इथे फोनो स्टेजचा हिस लपायला जागाच नाही.

आता व्हॉल्व्ह की ट्रान्झिस्टर. तुमच्या कार्ट्रिजच्या कॉइलचा रोध आहे ५ ओम. इतक्या कमी रोधाचा स्वतःचा उष्णताजन्य आवाज नगण्य असतो, त्यामुळे ऐकू येणारा हिस जवळपास सगळा फोनो स्टेजच्या पहिल्या पायरीचा. तिथे चांगले ट्रान्झिस्टर व्हॉल्व्हपेक्षा बरेच शांत असतात. म्हणूनच व्हॉल्व्हवाले अनुभवी डिझायनर एमसीसाठी व्हॉल्व्हच्या आधी एक छोटा ट्रान्सफॉर्मर बसवतात. टिम दे पॅराविचिनी यांचा ईएआर ८३४पी हा याचा नावाजलेला नमुना: आत तीन ईसीसी८३ व्हॉल्व्ह आणि एमसीच्या वाटेवर ट्रान्सफॉर्मर. तो ऐकायला फार गोड आहे आणि त्याच्या गोडव्याला नाव ठेवणाऱ्यांशी मी भांडलेही आहे. पण तुम्ही मला विचारलंत, तर तुमच्या कार्ट्रिजला आणि तुमच्या आलापाला मी ट्रान्झिस्टरचाच देईन. व्हॉल्व्ह जुने होतात, एखादा कुरकुरायला लागतो, बदली जोडी शोधत फिरावं लागतं. तुमचं वय तुम्ही लिहिलेलं नाही, पण दवाखाना मुलीकडे दिलाय म्हणजे आता खुर्चीतून कमीत कमी उठायचं असणार.

लोडिंगबद्दल, म्हणजे फोनो स्टेज कार्ट्रिजसमोर किती ओमचा भार ठेवतो त्याबद्दल, फार घाबरवलं जातं. कॅडेन्झा ब्लूसाठी कंपनी ५० ते २०० ओम सांगते. १०० वर ठेवा आणि विसरून जा. मात्र हे बदलायचे स्विच बाहेरून हाताला येतात का, एवढं बघा. काही डब्यांत झाकण उघडून दाढ काढल्यासारखे जंपर ओढावे लागतात. तुम्हाला सवय असेल, पण तरी.

अलीकडे एक वेगळी जात आली आहे, तिला ट्रान्सइम्पिडन्स किंवा करंट इनपुट म्हणतात. ती व्होल्टेज मोजत नाही, कॉइलमधून वाहणारा करंट घेते. तिथे लोडिंगचा प्रश्नच उरत नाही आणि कॉइलचा रोध जितका कमी तितका सिग्नल मोठा. तुमच्या ५ ओमला ही जात छान मानवेल. सदरलँड कंपनीचे असे फोनो स्टेज प्रसिद्ध आहेत. मात्र पुढे कार्ट्रिज बदलून ४० ओमची घेतलीत तर हीच जात अंगावर येईल, कारण तिथे करंट कितीतरी कमी मिळतो. का, ते खालच्या कोल्हापूरच्या उत्तरात दिसेल.

नावं हवीत म्हणून सांगते. रेगाचा फोनो एमसी आणि लेहमनऑडिओचा ब्लॅक क्यूब हे दोन्ही तुमच्या कामाचे आहेत, आणि दोन्हींना दोन लाख लागत नाहीत. त्याच्या वर जायचंच असेल तर पॅरासाउंडचा जेसी ३ प्लस, जॉन कर्ल यांचं डिझाइन. लोडिंगची चकती फिरवून कानानं ठरवता येते. त्याहीपलीकडे मी तुम्हाला जाऊ देणार नाही.

आणि घेण्यापूर्वी घरी आणून ऐका, दुकानात नव्हे. दोन फोनो स्टेज ताडून बघताना दोघांचा आवाज सारखा करून घ्या. जो किंचित मोठा वाजतो तो माणसाला नेहमीच जास्त 'खुला' वाटतो, आणि विक्रेत्यांना हे आपल्याआधीपासून माहीत आहे. १ किलोहर्ट्झचा स्वर असलेली टेस्ट रेकॉर्ड लावून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर धरा, दोन्ही आकडे दोनेक टक्क्यांच्या आत आणा, मग गाणं लावा. त्यानंतर सुई उचलून ठेवा, व्हॉल्यूम तसाच राहू द्या, आणि ट्वीटरपाशी कान न्या. खुर्चीतून हिस ऐकू येत असेल तर डबा परत.

उरलेल्या पैशांतून रेकॉर्ड धुण्याचं व्हॅक्यूमवालं यंत्र घ्या. तुमच्या कार्ट्रिजची सुई घरी बदलता येत नाही, ती झिजली की अख्खी कार्ट्रिज पाठवावी किंवा बदलावी लागते. धुळीनं तिचं आयुष्य खायचं आणि आपण फोनो स्टेजच्या डब्यांची तुलना करत बसायचं, हे काही खरं नाही.

प्रश्न: डेनॉनची डीएल-१०३ आहे, आणि एमएम फोनो स्टेज आवडीचा आहे, तो बदलायचा नाही. स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर घ्यायचं ठरलं. विक्रेता १:३० चा, म्हणजे व्होल्टेज तीस पट करणारा, देतो आहे, "जितकं जास्त तितकं दणदणीत" म्हणतो. आमच्या तालमीतही वजन बघूनच जोडी लावतात, म्हणून विचारलं. — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: मग तालमीच्या नियमानंच चला आणि १:३० ला आखाड्याबाहेर ठेवा.

डीएल-१०३ ही १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या एनएचके प्रसारण संस्थेसाठी तयार झालेली कार्ट्रिज, आणि अजून मिळते आहे. आउटपुट ०.३ मिलिव्होल्ट, कॉइलचा रोध ४० ओम. हे ४० ओम महत्त्वाचे. नाशिकच्या कार्ट्रिजमध्ये ते ५ आहेत. आउटपुटला रोधानं भागा: तिकडे १०० मायक्रोअँपिअर, तुमच्याकडे साडेसात. करंट इनपुटवाली जात तुम्हाला का नको, ते इथे कळलं असेल.

ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज वाढवतो, पण फोनो स्टेजच्या इनपुटचा ४७ किलोओमचा भार कार्ट्रिजला गुणोत्तराच्या वर्गानं भागून दिसतो. १:१० ला ४७० ओम, १:२० ला साधारण ११८, १:३० ला फक्त ५२. आणि ४० ओमच्या कॉइलसमोर ५२ ओमचा भार आला की जवळजवळ अर्धा सिग्नल कॉइलमध्येच जिरतो. हिशेब करून बघा: १:१० नं हातात पडतात पावणेतीन मिलिव्होल्टच्या आसपास, १:२० नं साडेचार, १:३० नं जेमतेम पाच. दहाचे वीस केल्यावर बराच फायदा झाला. विसाचे तीस केल्यावर अर्ध्या मिलिव्होल्टची भीक मिळाली, आणि त्या बदल्यात कार्ट्रिजचा गळा आवळला गेला. आवाज दणदणीत तर नाहीच, उलट वरचे स्वर मिटल्यासारखे येतील.

मी १:१० घेईन. पावणेतीन मिलिव्होल्ट कुठल्याही एमएम इनपुटला पुरतात आणि ४७० ओमवर ही कार्ट्रिज मोकळी गाते. फोनो स्टेजचा गेन ४० च्याही खाली असेल तरच १:२० चा विचार करा.

ट्रान्सफॉर्मरपासून फोनो स्टेजपर्यंतची केबल अर्ध्या मीटरच्या आत ठेवा. ट्रान्सफॉर्मर अँप्लिफायरच्या डोक्यावर ठेवू नका, आतल्या पॉवर ट्रान्सफॉर्मरचा हम तो आनंदानं ओढून घेतो. लांब सरकवा आणि हातात धरून फिरवून बघा. एका विशिष्ट कोनात हम सगळ्यात कमी होतो, तिथे बसवा.

विचारलं नाहीत तरी सांगते. डीएल-१०३ ची आतली स्प्रिंग कडक आहे, कॉम्प्लायन्स कमी. तिला जड टोनआर्म (कार्ट्रिज धरणारा दांडा) लागतो आणि सुईवर अडीच ग्रॅम वजन. हलक्या आर्मवर ती बसवून लोक फोनो स्टेज बदलत राहतात.

प्रश्न: दादरला आमची इमारत १९५० च्या आधीची आहे. नवीन फोनो स्टेज आणला आणि 'हूंऽऽ' सुरू झालं. इलेक्ट्रिशियन म्हणतो प्लगची वरची जाड पिन काढून टाका, हम जाईल. काढू का? — एक वाचक, मुंबई

उत्तर: काढू नका. ती पिन तुमचा जीव वाचवण्यासाठी आहे. हम कदाचित जाईलही, आणि एखाद्या दिवशी अँप्लिफायरच्या धातूच्या पेटीला हात लावल्यावर तुम्हीही.

आधी हम कुठला ते ओळखा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. खोल, जाडसर 'हूं' असेल तर तो ५० चा. अर्थिंगचा घोळ किंवा जवळच्या ट्रान्सफॉर्मरची लुडबूड. जरा वरचा, मधमाश्यांसारखा 'झूं' असेल तर १०० हर्ट्झचा, आणि तेव्हा फोनो स्टेजच्या वीजपुरवठ्यावर संशय घ्यावा. ५० हर्ट्झ म्हणजे जवळजवळ पांढरी पाच, खूप खालच्या सप्तकातली. गायिकेचा षड्ज काळी चारचा असेल तर तुमच्या घरी एक बेसूर तानपुरा फुकट वाजतोय.

व्हॉल्यूम शून्यावर आणून टर्नटेबलच्या दोन्ही तारा फोनो स्टेजमधून काढा, मग व्हॉल्यूम हळूहळू नेहमीच्या जागी न्या. हम तसाच असेल तर दोष फोनो स्टेजकडून पुढे. गेला असेल तर टर्नटेबलकडे. तारा पुन्हा जोडा आणि मोटर चालू ठेवून, सुई रेकॉर्डला न टेकवता आर्म बाहेरून मध्याकडे न्या. मध्याकडे जाताना हम वाढत असेल तर कार्ट्रिज मोटरचं चुंबकीय क्षेत्र पकडतेय. काही ग्रॅडो कार्ट्रिज आणि एसी मोटरचे टर्नटेबल यांचं या बाबतीत वाकडं आहे, हे जगजाहीर आहे. तिथे फोनो स्टेज कितीही भारी आणला तरी उपयोग नाही, कार्ट्रिज बदलावी लागते.

आर्म हलवल्यानं फरक पडत नसेल तर टर्नटेबलची बारीक अर्थ-वायर फोनो स्टेजच्या मागच्या स्क्रूखाली घट्ट आहे का बघा. रेगाच्या आर्ममध्ये ही वेगळी तार नसते. शोधत बसू नका, तिथे अर्थ डाव्या चॅनलच्या आवरणातून जातो. मग सगळी यंत्रं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आणा. वेगवेगळ्या सॉकेटवर असली की अर्थिंगच्या दोन वाटा होतात आणि त्या वाटांत हम फिरत राहतो. केबल टीव्हीची तार त्याच अँप्लिफायरला येत असेल तर ती काढून ऐका. मुंबईत निम्म्या वेळा गुन्हेगार तीच निघते.

एवढं करूनही राहिला, तर इमारतीच्या अर्थिंगकडे वळा. माहीतगार माणसाकडून सॉकेटवर मोजून घ्या: फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये एखाद-दोन व्होल्ट. अर्थचा काही पत्ताच लागत नसेल तर ते काम फोनो स्टेजच्या आधी, आणि सोसायटीच्या पुढच्या सभेत.

प्रश्न: अँप्लिफायरच्याच फोनो इनपुटवर ऑडिओ-टेक्निकाची एमएम कार्ट्रिज आहे. हार्मोनियम आणि सारंगी टोचतात. बाहेरचा फोनो स्टेज घेतला तर फरक पडेल का? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: पडेल, पण कारण कळलं तर कदाचित फुकटातच पडेल. एमएमच्या कॉइलचा इंडक्टन्स मोठा असतो, अर्ध्या हेन्रीच्या घरात. समोर केबल आणि इनपुट यांचा मिळून जो कपॅसिटन्स (वीज साठवण्याचा गुण) येतो त्याच्याबरोबर तिची एक शिखर-जागा ठरते, म्हणजे जिथे आवाज फुगतो ती जागा. ३०० पिकोफॅरड असतील तर ती १३ किलोहर्ट्झला येते, कानात टोचणाऱ्या पट्ट्यात. १५० केलेत तर १८ च्या वर सरकते आणि त्रास संपतो. ऑडिओ-टेक्निकाच्या बऱ्याच कार्ट्रिजना १०० ते २००च हवे असतात, आणि जुन्या अँप्लिफायरचे इनपुट एकटेच दोनशेच्या पुढे असू शकतात.

म्हणून आधी लांब, जाड, महागडी केबल काढून आखूड, कमी कपॅसिटन्सची लावा. तेवढ्यानं नाही भागलं तर कपॅसिटन्स निवडता येणारा फोनो स्टेज घ्या. माझ्या घरचा एमएम फोनो स्टेज मीच बांधलेला आहे, एनई५५३२ या साध्या आयसीवर, बुधवार पेठेतून आणलेल्या सुट्या भागांचा; त्यात ५० पासून पुढे चार टप्पे ठेवलेत. सोल्डरिंग येत असेल तर तुम्हीही बांधा.

प्रश्न: केसरबाईंच्या आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ च्या रेकॉर्ड्स घरात आहेत. नवीन टर्नटेबलवर ७८ चा वेग आहे, पण आवाज कांबळं पांघरल्यासारखा. इक्वलायझेशन बदलता येणारा महागडा फोनो स्टेज घ्यावा का? एलपीलाही उपयोगी पडेल असं एक मित्र म्हणाला. — एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर: एलपीचं आधी निकालात काढते. आपल्याकडच्या स्टीरिओ एलपींना वेगळे वक्र, म्हणजे आरआयएएपेक्षा निराळी इक्वलायझेशनची प्रमाणं, लागतात ही निव्वळ हौस आहे. स्टीरिओ एलपी बाजारात आली १९५७-५८ मध्ये, आरआयएए त्याच्या आधी ठरलं होतं.

७८ ची गोष्ट मात्र खरी. आरआयएए १० किलोहर्ट्झला जवळपास १४ डेसिबल कापतं. एचएमव्हीच्या विद्युत ध्वनिमुद्रणाच्या ७८ मध्ये वरचे स्वर तसे फुगवलेलेच नव्हते, मग जे नव्हतंच ते कापल्यावर कांबळं पडणारच. आणि १९२५ च्या आधीच्या, भोंग्यात गाऊन केलेल्या रेकॉर्ड्सना तर विजेचा वक्रच नाही.

पण पहिला खर्च फोनो स्टेजवर नको, सुईवर करा. ७८ ची खाच रुंद. तिला ७५ मायक्रॉनच्या आसपास टोकाची सुई लागते. एलपीची सुई त्या खाचेच्या तळाशी कचऱ्यात लोळत जाते. सुई बदलल्यावर दोन्ही चॅनल एकत्र करून मोनो करा, खाचेचा वर-खाली येणारा बराचसा खरखराट एकमेकांत कटतो. त्यामुळे फोनो स्टेजवर मोनोचा स्विच असणं मला वक्रांच्या स्विचपेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

वक्रांसाठी संगणक पुरेसा आहे. आहे त्या फोनो स्टेजमधून ध्वनिमुद्रण करा आणि ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रॅममध्ये वक्र बदला. संगणक न उघडता खुर्चीत बसूनच ऐकायचं असेल तरच तो महागडा फोनो स्टेज, आणि घेण्यापूर्वी त्यात ७८ चे वक्र खरोखर आहेत ना हे तपासा. पुष्कळांत फक्त डेक्का आणि कोलंबियाचे एलपीचे वक्र असतात.

आणि या रेकॉर्ड्स स्पिरिटनं पुसू नका. त्या लाखेच्या असतात, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. एलपीसाठी मिळणारं तयार द्रावणही बाटलीवर अल्कोहोल लिहिलं असेल तर दूर ठेवा.

प्रश्न: आजोबांचा एचएमव्ही फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर चालू करून घेतला आहे. त्याला फोनो स्टेज लावला तर आवाज सुधारेल का? — एक वाचक, सातारा

उत्तर: नाही. त्यात क्रिस्टल किंवा सिरॅमिक जातीची कार्ट्रिज असते. ती शेकडो मिलिव्होल्ट देते आणि आरआयएएचं काम बऱ्यापैकी स्वतःच उरकते. फोनो स्टेज लावलात तर फक्त फाटका आवाज येईल. आजोबांचा आहे तसा वाजवा. मात्र त्यावर नाशिकच्या डॉक्टरांच्या रेकॉर्ड्स लावू नका, सुईचं वजन फार असतं.

प्रश्न: मुलगा न्यू जर्सीहून येतोय, फोनो स्टेज तिथूनच आणतो म्हणतो. व्होल्टेजची अडचण येईल का? — एक वाचक, ठाणे

उत्तर: डब्याच्या आतच ट्रान्सफॉर्मर असेल आणि मागे फक्त १२० व्होल्ट छापलं असेल तर आणू नका, किंवा आत २३० ची जोडणी करता येते का ते कंपनीला आधी विचारा. बाहेरचा अडॅप्टर असेल तर त्यावर १०० ते २४० लिहिलंय का ते मुलाला वाचायला सांगा. नसेल तर अडॅप्टर इथे घ्या, पण त्यावरच्या दुसऱ्या ओळीकडेही लक्ष असू द्या: काही फोनो स्टेजचे अडॅप्टर आउटपुटही एसीच देतात, उदाहरणार्थ १६ व्होल्ट एसी. तिथे आकडा जुळला म्हणून डीसीचा लावला तर फोनो स्टेज चालणार नाही. असा एसी अडॅप्टर तयार मिळाला नाही तर लॅमिंग्टन रोडवर ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारे आहेत. त्यांना व्होल्ट आणि मिलिअँपिअर दोन्ही कागदावर लिहून द्या.